रेडिएटरच्या पाण्यात तेल दिसले, तर हेड उघडण्याआधी कूलर तपासा

धाराशिव जिल्ह्यातील छोट्या व्यापाऱ्याच्या धंद्यात दुकानाइतकाच गाडीचाही वाटा असतो. कळंब, येरमाळा, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा असे बाजार फिरणारा कापडवाला, बांगडीवाला किंवा फळवाला असो, की सोलापूर-लातूरहून माल आणणारा किराणा दुकानदार असो, गाडी चार दिवस उभी राहिली की त्याची कमाईही चार दिवस उभी राहते. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. शिवाय व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या अनेक बांधवांना कर्ज काढून गाडी घ्यायचीच नसते. ते रोखीने मिळेल ती दहा-पंधरा वर्षे वापरलेली डिझेल मोटार घेतात आणि जपून चालवतात. अशा जुन्या गाड्यांत हमखास आढळणारा एक बिघाड ओळखावा कसा आणि थोडे हत्यार हाताळता येत असेल, तर तो घरी दुरुस्त करावा कसा, याची माहिती या लेखात देत आहोत.

बिघाडाचे लक्षण सोपे आहे. रेडिएटरच्या पाण्याची प्लॅस्टिकची टाकी उघडून पाहावी, तर हिरव्या किंवा लाल पाण्याऐवजी वर काळपट तेलाचा तवंग किंवा दुधाच्या चहासारखा खाकी, चिकट थर दिसतो. बोट लावले तर बुळबुळीत लागते. हे पाहून पुष्कळदा लगेच निदान होते की, "हेड गेले." हेड उघडायचे म्हणजे गॅस्केट, हेडला फेस मारणे, मजुरी आणि आठवडाभर गाडी बंद. प्रत्यक्षात अनेक वेळा दोष हेडचा नसून तेल थंड करणाऱ्या एका छोट्या भागाचा, म्हणजे ऑइल कूलरचा असतो. या दोन कामांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेणे प्रत्येक गाडीमालकाच्या हिताचे आहे.

कूलर म्हणजे काय?

इंजिनचे तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. पिस्टन, बेअरिंग आणि टर्बो यांची उष्णताही ते वाहून नेते. तेल प्रमाणाबाहेर तापले की पातळ होते, त्याचा दाब कमी पडतो आणि बेअरिंग झिजू लागतात. विशेषतः टर्बो असलेल्या डिझेल इंजिनला तेल थंड ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था लागते. तीच ही व्यवस्था.

कूलर दोन तऱ्हेचे असतात. पहिला हवेवर चालणारा. तो रेडिएटरच्या पुढे छोट्या जाळीसारखा बसवलेला असतो आणि दोन होजपाइपांतून तेल त्याच्यात जाते-येते. तो गळला तर तेल बाहेर जमिनीवर पडते, ते डोळ्यांना दिसते. दुसरा पाण्यावर चालणारा. यात ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक रचून जोडलेले असतात. एका थरातून तेल, तर लगतच्या थरातून रेडिएटरचे पाणी वाहते. मध्ये फक्त पातळ पत्र्याचा पडदा. हा कूलर बहुधा ऑइल फिल्टरच्या घराला लागून किंवा थेट ब्लॉकवर बसवलेला असतो. हा पडदा कुजला किंवा बसवणीतील रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली, की तेल आणि पाणी एकत्र येतात. आपला विषय मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

आपल्याकडे हा दोष सर्वांत ओळखीचा आहे तो १.३ लिटर डिझेल इंजिनात. फियाट कंपनीचे हे १२४८ सी. सी. चे इंजिन २००३ साली बाजारात आले. मारुतीने परवान्याने ते भारतात बनवून २००७ पासून डिझेल स्विफ्टमध्ये आणि पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा या गाड्यांत बसवले. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेले हेच इंजिन फियाटच्या पुंटो व लिनिया आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टा व मांझा यांच्या काही मॉडेलांतही होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. म्हणजे रस्त्यावर दिसणारी मारुतीची प्रत्येक डिझेल गाडी आता जुनी झाली आहे. कूलरचे रबर आणि पत्रे वयाप्रमाणे थकतात, त्यामुळे ही तक्रार अधिक ऐकू येते. मात्र पाण्यावर चालणारा कूलर इतर कंपन्यांच्या अनेक डिझेल गाड्यांतही आहे आणि पुढील माहिती त्यांनाही लागू पडते.

तेलच पाण्यात का जाते?

इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण ३ ते ४ किलो असतो, तर रेडिएटरच्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो. जिकडे दाब जास्त तिकडून कमी दाबाकडे माल सरकणार. म्हणून पडदा फुटला की चालू इंजिनात तेल पाण्यात शिरते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, पण गरम पाण्याचा दाब काही वेळ टिकून राहतो. त्या वेळी थोडे पाणी तेलात जाऊ शकते. यावरून ध्यानात येईल की, कूलरच्या दोषात पाण्याच्या टाकीत तेल भरपूर आणि ऑइलच्या पट्टीवर पाण्याचे लक्षण अगदी थोडे किंवा मुळीच नाही, असे चित्र बहुधा दिसते.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे वेगळी असतात. थंड इंजिन सुरू करताच पाण्याच्या टाकीत एकसारखे बुडबुडे येतात. एक-दोन मिनिटांत, पाणी तापण्याच्या आतच, रेडिएटरचा वरचा होजपाइप दगडासारखा कडक होतो. धुरांड्यातून सतत पांढरा धूर निघतो, पाणी कुठेही न गळता कमी होत जाते आणि गाडी पुन्हा पुन्हा तापते. ही लक्षणे नसून केवळ पाण्यात तेल असेल, तर संशय प्रथम कूलरवर घ्यावा. तरीही याला शेवटचा निकाल समजू नये. गॅस्केटमधील तेलाच्या वाटेजवळ फाटले तरी तेल पाण्यात येऊ शकते. निकाल कूलर काढून केलेल्या चाचणीनेच लागतो. ती चाचणी पुढे दिली आहे.

आणखी एक खुलासा. तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडासा पिवळट फेस दिसला म्हणून घाबरू नये. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर पावसाळ्यात आणि थंडीत वाफ जमून असा फेस येतो. लांबचा प्रवास झाल्यावर तो नाहीसा होतो.

बोअरचे पाणी हाच मोठा शत्रू

आपला जिल्हा बालाघाटच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. येथील बहुतेक बोअरचे पाणी जड असते. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटर आणि कूलरच्या आत चढतो. थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही आणि पाण्यातील क्षार ॲल्युमिनियमला हळूहळू खातात. टंचाईच्या वर्षी तर टँकरचे, विहिरीचे, मिळेल ते पाणी गाडीत ओतले जाते. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत रेडिएटरला शुद्ध पाणी कोण शोधणार, ही अडचण खरी आहे. परंतु इंजिनला लागते पाच-सात लिटर पाणी, तेही वर्षा-दोन वर्षांतून एकदा. बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. तेवढा खर्च केला तर कूलर, रेडिएटर आणि पाण्याचा पंप या तिन्हींचे आयुष्य वाढते.

कूलंट हे फक्त थंड मुलखासाठी असते, हा गैरसमजही सोडला पाहिजे. त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि त्यामुळे पाणी उकळण्याचे तापमानही वाढते. उघड्या भांड्यात साधे पाणी १०० अंशाला उकळते. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने येथे ते त्याहूनही थोडे आधी उकळते. निम्मे कूलंट व निम्मे पाणी असे मिश्रण साधारण १०७ अंशापर्यंत तग धरते आणि बंद झाकणाच्या दाबाखाली त्याहूनही बरेच वर जाते. मे महिन्यात माल भरून तुळजापूरचा घाट चढताना हा फरक उपयोगी पडतो.

काम घरी करावे की नाही?

पुढील बाबतींत घरी हात घालू नये. हेडची वर सांगितलेली लक्षणे दिसत असतील, गाडी लाल काट्यापर्यंत तापून बंद पडलेली असेल, किंवा ऑइलच्या पट्टीवरील तेल ताकासारखे पांढरे झाले असेल, तर अनुभवी मेकॅनिककडेच न्यावे. पांढऱ्या तेलावर इंजिन चालवू नये. गाडी ओढून न्यावी. कूलरपर्यंत पोचण्यासाठी ए. सी. च्या नळ्या सोडवाव्या लागत असतील, तर तेही काम घरचे नव्हे, कारण त्यांत दाबाचा वायू असतो. बाकी ज्याला पाने-सॉकेट वापरण्याची सवय आहे, त्याने शांतपणे केले तर हे काम जमण्यासारखे आहे. एक दिवस खोलणे-बसवणे आणि एक दिवस धुणे, असे दोन दिवस हाताशी ठेवावेत. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. फज्रच्या नमाजनंतर सुरुवात केली, तर सारा दिवस मिळतो. बाजाराच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये.

साहित्य आधी जमवावे

नवा कूलर किंवा निदान त्याच्या ओ-रिंग व गॅस्केटचा पूर्ण संच, ऑइल फिल्टर, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचे तेल, कूलंट, डिस्टिल्ड पाणी, रेडिएटर धुण्याचे औषध, पाने व सॉकेट, पक्कड, टॉर्क पाना, दोन मोठी घमेली, झाकणाचे रिकामे कॅन, भरपूर कापड आणि जॅकबरोबर दोन मजबूत लोखंडी घोड्या. टॉर्क पाना विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवसासाठी मिळतो.

ओ-रिंग घेताना गाडीचे मॉडेल, साल आणि चासी नंबर सांगूनच घ्यावी. नळजोडणीच्या दुकानातील मापाला जुळणारी रिंग मुळीच वापरू नये. साधे रबर गरम तेलात फुगते आणि काही महिन्यांत पुन्हा तोच प्रकार होतो.

कामाचा क्रम

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी द्यावी. गाडी उचलल्यावर घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी.

२. पाण्याच्या टाकीचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी तोंडावर उडते आणि कायमची इजा होते. प्रथम पाणी सोडावे, नंतर तेल. दोन्ही वेगवेगळ्या घमेल्यांत घ्यावे आणि किती निघाले ते मोजावे. तेल नेहमीपेक्षा किती कमी निघाले, यावरून पाण्यात किती गेले याचा अंदाज येतो.

३. आड येणारे हवेचे पाइप, कव्हर वगैरे काढताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढावा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कूलरचा आकार काढून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी बसवला, तर ॲल्युमिनियमचे घर फुटते.

४. होजपाइप निघत नसेल, तर पेचकसाने उचकू नये. थोडा पिळून सैल करावा. फुगलेला, पिलपिलीत झालेला पाइप तेलाने खराब झालेला असतो. तो बदलावाच.

५. कूलरचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. खाली घमेले ठेवावे, कारण आत राहिलेले तेल-पाणी सांडते. कूलर निघाल्यावर तेलाच्या भोकांत लगेच स्वच्छ कापडाचे बोळे घालावेत आणि ते मोजून ठेवावेत.

६. बसवणीची जागा लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावी. पॉलिश पेपर वापरू नये. त्याची वाळू तेलाच्या वाटेत गेली, तर बेअरिंग खाते. साफ केलेल्या जागेवर ओरखडा किंवा खड्डा असेल, तर नवी ओ-रिंगही गळेल, हे लक्षात ठेवावे.

कूलरची परीक्षा

आता खरा निकाल लावण्याची वेळ. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. टायरची ट्यूब ज्या तऱ्हेने तपासतात, त्याच तऱ्हेने कूलर तपासता येतो. पंक्चरच्या दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी, दोन्ही असतात.

कूलरच्या तेलाच्या एका तोंडाला जाड रबर लावून, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून शिकंजाने घट्ट बंद करावे. दुसऱ्या तोंडातून हवा द्यावी. दाब ३ किलोच्या वर नेऊ नये आणि रबराच्या समोर कोणी उभे राहू नये. ते सुटले तर गोळीसारखे उडते. कूलर पाण्यात बुडवून पाण्याच्या वाटेतून बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुडे आले तर पडदा फुटलेला आहे, कूलर बदलावा. थंड पाण्यात काही आढळले नाही, तर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुन्हा पाहावे. बारीक चीर तापल्यावरच उघडते. त्यातही काही निघाले नाही आणि ओ-रिंग कडक, चपटी किंवा चिरलेली असेल, तर दोष रिंगचा धरावा. कूलरही ठीक आणि रिंगही ठीक असेल, तर मात्र हेडकडे वळण्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी निदान पूर्ण तपासणीनंतर खर्चाला हात घातल्याचे समाधान राहील.

फुटलेला ॲल्युमिनियमचा कूलर डाग देऊन दुरुस्त होत नाही. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर आपले कारागीर उत्तम झाळत असत. ती कला येथे लागू पडत नाही, कारण या धातूवर कथलाचा डाग धरत नाही आणि आतल्या थरापर्यंत हातही पोचत नाही. वरून एम-सील लावणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. त्याचप्रमाणे रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करण्याची पावडर टाकण्याची जुनी युक्ती येथे करू नये. कूलरच्या बारीक वाटा त्याने तुंबतात आणि लहान दुखण्याचे मोठे होते.

बसवणी

ओ-रिंगला नवे इंजिन तेल बोटाने लावावे आणि ती आपल्या खाचेत नीट बसली आहे का ते दोनदा पाहावे. सिलिकॉनचा लेप लावू नये. त्याचे तुकडे सुटून तेलाच्या वाटेत अडकतात. भोकांतील कापडाचे बोळे मोजून बाहेर काढावेत. सर्व बोल्ट प्रथम हातानेच दोन-तीन आटे फिरवावेत आणि मगच समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. किती आवळावे, हे गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठरते. सर्वसाधारणपणे ६ मिलिमीटरच्या बोल्टला १ किलोग्रॅम-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टला २ ते २.५ किलोग्रॅम-मीटर इतका जोर पुरतो. अधिक जोर लावणे म्हणजे अधिक मजबुती नव्हे. ॲल्युमिनियमचे आटे सुटले की पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

नवा फिल्टर व नवे तेल घालावे. इंजिन सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करून कारण शोधावे. दिवा विझल्यावरही निदान एक मिनिट ॲक्सिलरेटर दाबू नये, टर्बोपर्यंत तेल पोचू द्यावे. मग इंजिन बंद करून पट्टीवर तेल पुन्हा मोजावे, कारण नव्या फिल्टरात आणि कूलरात काही तेल भरले जाते.

धुणे हेच निम्मे काम

अनेक जण कूलर बदलतात आणि टाकीतले तेल पुसून गाडी बाहेर काढतात. पंधरा दिवसांनी पाण्यात पुन्हा तेल दिसते आणि नवा कूलरही खराब निघाला, असे ते समजतात. वस्तुतः ते जुनेच तेल असते. रेडिएटर, हीटर, होजपाइप यांच्या आत चिकटलेले तेल सुटून वर येत राहते.

म्हणून नवा कूलर बसवल्यावर साधे स्वच्छ पाणी व धुण्याचे औषध भरून, हीटर पूर्ण चालू ठेवून इंजिन इतके चालवावे की थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरचा खालचा भागही गरम होईल. मग इंजिन थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. गरम इंजिनात थंड पाणी कदापि ओतू नये. हेडला तडा जाण्याचे ते मोठे कारण आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत ही क्रिया तीन-चार वेळा, तेल जास्त असल्यास त्याहून अधिक वेळा करावी. कपडे धुण्याची पावडर वापरण्याचा मोह होतो, परंतु तिचा फेस पंपात हवा धरतो आणि पाणी फिरत नाही. रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच घालू नये. ते रबर खाते आणि आगीचे भयही आहे. पाण्याची टाकी बाहेर काढून वेगळी धुवावी. शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची करावी.

त्यानंतर कूलंटचे मिश्रण सावकाश भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून आणि वरचा होज हाताने दाबून आतील हवा काढावी. पहिल्या दिवशी, १०० किलोमीटरनंतर आणि ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर तेल व पाणी दोन्ही पाहावे. टाकीत किंचित तवंग सुरुवातीला दिसू शकतो. तो कापडाने टिपावा. तो दर वेळी कमी होत गेला तर काळजी नाही, वाढत गेला तर पुन्हा तपासणी करावी. जुन्या तेलात पाणी गेल्याची शंका असेल, तर ५०० किलोमीटरला तेल व फिल्टर पुन्हा बदलणे हिताचे.

निघालेल्या तेल-पाण्याचे काय?

कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट मांजर, शेळी किंवा कोंबडी चाटते आणि मरते. लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून ते उघड्या भांड्यात ठेवू नये, गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. वापरलेले इंजिन तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते जमिनीवर ओतणे किंवा चुलीत जाळणे चुकीचे आहे. जे गॅरेज जुने तेल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देते, तेथे ते पोचवावे. पाण्याच्या टंचाईच्या जिल्ह्यात दुसऱ्याची विहीर नासवणे हा शेजाऱ्याच्या हक्कावर घाला आहे.

व्यवहाराचा भाग

कारागिरांनी या कामाकडे धंद्याच्या नजरेनेही पाहावे. रेडिएटर झाळण्याचे काम पूर्वीसारखे राहिलेले नाही. परंतु कूलरची दाब-चाचणी आणि रेडिएटर धुण्याची सेवा देणाऱ्या दुकानाला वाव आहे. कॉम्प्रेसर, दाब ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह, निरनिराळ्या कूलरच्या तोंडांना बसतील अशा बंद करण्याच्या पट्ट्या आणि पाण्याची टाकी एवढ्यावर सुरुवात होते. पंक्चरवाल्यांकडे यातील निम्मे साहित्य आधीच आहे. काम हाती घेण्यापूर्वी अंदाजे खर्च कागदावर लिहून द्यावा, चाचणी ग्राहकासमोर करावी आणि काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल्-बकरामध्ये आहेच. गॅरेजची वहीही त्याला अपवाद नाही.

जुनी गाडी विकणाऱ्यांनीही विचार करावा. पाण्यात तेल असलेली गाडी दोनदा धुऊन, टाकी चकचकीत करून बाजारात उभी करणे सोपे आहे. घेणाऱ्याला महिन्याने कळते. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारले होते, हा प्रसंग आपण सारे जाणतो. टाकीतला तवंग लपवणे आणि ओले धान्य खाली दडवणे यांत फरक नाही. लपवलेला दोष उघड झाल्यास माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क फिक्हमध्ये "खियार-ए-ऐब" म्हणून मान्य आहे. दोष सांगून, त्याप्रमाणे किंमत कमी करून विकलेली गाडी दोघांनाही समाधान देते.

घेणाऱ्याने आपल्या बाजूने दक्ष राहावे. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. टाकीचे झाकण उघडून आतल्या कडेला बोट फिरवावे. टाकी नवीच बसवलेली किंवा पाणी अगदी कालच भरल्यासारखे दिसले, तर कारण विचारावे. होजपाइप दाबून पाहावेत. फुगलेले पाइप जुनी हकीगत सांगतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांना २०२५ पासून त्याहून जास्त भरावे लागते. हा खर्चही किंमत ठरवताना धरावा.

जुन्या गाडीला दरमहा दहा मिनिटे दिली, तर ती बराच काळ साथ देते. महिन्यातून एका सकाळी थंड इंजिनावर पाण्याची टाकी आणि ऑइलची पट्टी, दोन्ही पाहून तारखेसह वहीत नोंद करावी. तवंग पहिल्याच दिवशी दिसला, तर काम एका ओ-रिंगवर भागते. तीन महिन्यांनी दिसला, तर होजपाइप, पंप आणि कदाचित इंजिनही त्याची किंमत मोजते.